घरच्या पडवीतील फटफटी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्या वेळी या मंचावरून कोणते विषय मांडले जावेत याची त्यांच्या मनात काही एक कल्पना असणारच. तिच्यात फटफटीची दुरुस्ती बसत नव्हती, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो. कारण त्या वेळी फटफटीच नव्हती! काल आपण येथे संतवाङ्मयावर ऐकलेत, उद्या पाण्याच्या प्रश्नावर ऐकणार आहात. त्या दोहोंच्या मध्ये आमच्या कार्यवाहांनी हा तेलकट विषय का घातला, असे कोणी विचारले तर मी एवढेच म्हणेन की, आपल्या शिरूर-दौंड भागात अशी गाडी ज्याच्या घरी कधीच नव्हती असा मनुष्य सापडेल, पण तिचा आवाज ज्याने ऐकला नाही असा सापडणे कठीण.

मी मास्तर आहे. म्हणजे होतो. यंत्रशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. माझे वडील दौंडला रेल्वेत, वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. १९७२ साली त्यांनी तीन वर्षे वापरलेली एक बुलेट विकत घेतली. आज मी बोलणार आहे ते त्या एका गाडीविषयी. पुष्कळ गाड्या पाहिलेला मनुष्य मी नव्हे; एकच गाडी पुष्कळदा उघडलेला आहे.

ही गाडी विलायती की देशी, यावर मित्रमंडळीत नेहमी वाद होतो. तिची जात विलायतेची, जन्म मद्रासचा. इंग्लंडात रेडिच नावाच्या गावी रॉयल एन्फील्डचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट फटफटी हवी होती, ती तेथून मागवण्यात आली. पुढे १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत ‘एन्फील्ड इंडिया’ ही कंपनी निघाली. आरंभी विलायतेहून सुटे भाग यायचे आणि येथे जोडले जायचे. मग साचे आणि हत्यारेच इकडे आली आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात सगळी गाडी घडू लागली. गंमत अशी की, रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, १९७० मध्ये विलायतेतली ती कंपनीच संपली, आणि मद्रासेत मात्र तीच जुनी घडण पुढे जवळजवळ चाळीस वर्षे चालू राहिली. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर, एकूण ३४६ घन सेंटिमीटर. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, उरलेले तीन खाली. आजच्या मुलांना ही गाडी दिली तर ती ब्रेक म्हणून गिअर दाबतात. म्हणून मी देत नाही.

आता पान्यांकडे येतो, कारण घरच्या दुरुस्तीतला पहिला अपमान पान्यापासूनच होतो. बाजारातून मिलिमीटरच्या पान्यांचा चकचकीत संच आणावा, नटाला लावावा, तर एक पाना बसत नाही आणि त्याच्या पुढचा सैल फिरतो. कारण असे की, या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट जुन्या विलायती मापाचे आहेत. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली आट्यांचे पहिले ठरीव माप सुचवले. तोवर ज्या कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याचा नट, असा कारभार होता. व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. त्याच घराण्यातले बारीक आटे पुढे निघाले. शिवाय सायकलीच्या आट्यांचे एक निराळेच माप, इंचाला २६ आटे. आमच्या गाडीत ही सगळी भावंडे एकत्र नांदतात. आणि पान्यावर जो आकडा असतो तो पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड अर्ध्या इंचाहून मोठे! नवखा मनुष्य येथेच हात टेकतो.

वडिलांना ही अडचण कधी पडली नाही. वाफेच्या इंजिनाची बोली हीच होती. त्यांच्या हाताला ते पाने इतके सरावलेले होते की, नुसत्या बोटाने नट चाचपून ते कोणता पाना ते सांगत. मी दहा वर्षे त्यांच्याजवळ बॅटरी धरून उभा राहिलो आणि सुटे भाग रॉकेलमध्ये धुतले. पाना मात्र त्यांनी माझ्या हाती दिला नाही. ‘तू आवळतोस फार,’ एवढेच कारण. ते कारण बरोबर होते. इंजिनाचे झाकण ॲल्युमिनियमचे, स्क्रू पोलादाचा. मऊ धातूत कठीण धातू जोराने पिळला की आटे सोलून बाहेर येतात, आणि मग तो स्क्रू जन्मभर नुसता गरगर फिरतो. आवळण्याचे ज्ञान म्हणजे थांबण्याचे ज्ञान आहे. आणि ते मनगटात असते, पुस्तकात नसते. मी वर्गात तीस वर्षे पुस्तकातले ज्ञान दिले म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

१९७६ साली मला इकडे शिरूरला नोकरी लागली. वडील महिन्यातून एखाद्या रविवारी दौंडहून निघत; केडगाव-चौफुल्यावरून पारगावला भीमा ओलांडून न्हावऱ्यामार्गे येत. जेवत, गाडीचे काहीतरी खोलत, चहा घेऊन परत जात. मी एकदा म्हणालो, ‘अण्णा, एस.टी.ने यावे, दगदग होते.’ ते म्हणाले, ‘अरे, मी तुला भेटायला येतो असे तुला वाटते होय? गाडीला चालवायला हवे म्हणून येतो.’ मला त्या वेळी थोडे लागले. त्याचा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

१९९० साली वडील गेले. गाडी दौंडच्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. ‘ठेवू या, आठवण आहे,’ असे सगळे म्हणाले. आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. नऊ वर्षांनी, १९९९ मध्ये, मी ताडपत्री काढली. टाकीत पेट्रोल नव्हते. पेट्रोलचा राळेसारखा थर होता आणि त्याखाली गंज होता. हवेच्या फिल्टरमध्ये उंदराचे घर. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या. दट्ट्याच्या रिंगा खाचेत घट्ट बसलेल्या. नऊ वर्षांत एक मैलही न चालता ती गाडी जितकी खराब झाली, तितकी वडिलांच्या अठरा वर्षांच्या वापरात झाली नव्हती.

तेलाची गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. या इंजिनाचे तेल खालच्या पेटीत साठून राहत नाही. धडातच मागच्या बाजूला तेलाचा निराळा कप्पा आहे. एक पंप त्यातून तेल आत ढकलतो, दुसरा वापरलेले तेल उचलून परत कप्प्यात आणतो. गाडी चालू असताना तेलाचे झाकण उघडून पाहावे, परत येणाऱ्या तेलाची पिचकारी दिसते. ती दिसली की काळजी नाही. पण गाडी महिनोन् महिने उभी राहिली की कप्प्यातले तेल पंपातून झिरपत झिरपत खाली दट्ट्याच्या पेटीत उतरते. गज टाकून पाहावे तर कप्पा रिकामा. भोळा मनुष्य वरून आणखी तेल ओततो, आणि किक मारताच पांढऱ्या धुराने सगळी आळी भरून जाते. अशा वेळी आधी खालचे बूच काढून साठलेले तेल वाहू द्यावे, मग पुढचे.

मी प्रथम ती गाडी दुरुस्तीला बाहेर दिली. कोठे, ते सांगत नाही. पाच आठवड्यांनी परत आली ती चालू होऊन, पण नटांचे कोपरे गोल झालेले, झाकणाच्या कडेला छिन्नीचे घाव, आणि तीन स्क्रूंच्या जागी कसलेतरी तीन वेगवेगळे स्क्रू. ज्याने काम केले त्याला मी फारसा दोष देत नाही. त्याला दिवसाला पाच गाड्या सोडायच्या होत्या, आणि त्याच्याजवळ त्या मापाचे पानेच नव्हते. वडिलांचे पाने तर माझ्याच घरी, रॉकेलच्या डब्यात, गंजत पडलेले! त्या दिवशी मी ठरवले की, पुढचे जे काही बिघडवायचे ते आपण आपल्याच हाताने बिघडवावे.

आणि बिघडवले, हे आपणास सांगायला लाज वाटत नाही. पहिल्या वर्षी मी आटे सोलले, एक रिंग मोडली, क्लचची केबल उलटी ओवली. पण काही गोष्टी हळूहळू हाताला कळल्या. व्हॉल्व्हचे टॅपेट घ्या. नव्या गाड्यांत तेथे फट मोजतात. आमच्या बुलेटमध्ये मोजायचे काही नाही. इंजिन थंड असावे. दट्ट्या दाबाच्या फेरीत माथ्यावर आणावा. उजव्या अंगाचे छोटे झाकण काढावे आणि दांडी चिमटीत धरून फिरवावी. ती सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस्स. सैल राहिली तर टकटक ऐकू येते, ते परवडते. घट्ट राहिली तर ऐकू काहीच येत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. मूल रडते तेव्हा घरातले कान देतात. ते गप्प असते तेव्हाच खरे जाऊन पाहायला हवे, तशातला हा प्रकार.

पॉइंटची फट इंचाचा पंधरा-हजारांश, म्हणजे मिलिमीटरच्या चार-दशांशाहून किंचित कमी. त्यासाठी पत्तीचे गेज लागते. पण पॉइंट नेमके कोणत्या क्षणी उघडतात, हे पाहायला वडील पतंगाचा कागद वापरीत. कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरायची, इंजिन अगदी सावकाश फिरवायचे. कागद ज्या क्षणी सुटेल तो ठिणगीचा क्षण. दट्ट्या माथ्याला पोचायला मिलिमीटरभरही उरलेले नसताना तो यायला हवा. अलीकडे यासाठी दिवे आणि यंत्रे मिळतात. मी अजून संक्रांतीनंतर मुलांकडून फाटके पतंग मागून घेतो.

किक मारण्याविषयी लोकांचा गैरसमज आहे की, त्याला ताकद लागते. ताकदीने मारणाऱ्याची पोटरी मी सुजलेली पाहिली आहे. हेडलाइटच्या खोबणीत विजेचा अॅमीटर असतो, तो शोभेसाठी नव्हे. चावी लावून किक हळू दाबत जावी. पॉइंट मिटले की सुई डावीकडे कलते, उघडले की मध्यावर येते. दाब लागला आणि सुई मध्यावर आली की डाव्या मुठीजवळचा लहान खटका ओढून सिलिंडरातला दाब सोडावा, किक बोटभर पुढे न्यावी, खटका सोडावा, किक वर येऊ द्यावी, आणि मग अंगाच्या भाराने एकदाच खाली जावे. सत्तरी ओलांडलेला मी हे करतो. आमचा नातू अठरा वर्षांचा, व्यायामशाळेत जातो, त्याला अजून जमलेले नाही.

घरी काय करू नये, हेही सांगतो. सिलिंडर घासून मोठा करणे, क्रँकची पिन बसवणे, ही घरची कामे नव्हेत. त्याला चांगला लेथ आणि त्याहून चांगला टर्नर लागतो. जुन्या बुलेटच्या मोठ्या दांड्याला रोलर नाहीत, तरंगते बुश आहे. ते केवळ तेलाच्या पातळ थरावर जगते. म्हणून तेलाचा नमद्याचा फिल्टर बदलला की त्याची खोली तेलाने भरल्याशिवाय किक मारू नये. हे एवढे घरी करावे, म्हणजे टर्नरकडे जाण्याची वेळ लांबते.

आता एक प्रसंग सांगतो, तो मी घरी लपवू शकलो नाही म्हणूनच येथे सांगता येतो.

२००३ सालच्या जानेवारीत मी मागच्या चाकाची चेन धुऊन, ग्रीसमध्ये उकळून परत चढवली. चेनची जोडकडी एका पातळ पत्तीने अडकवलेली असते. आपले कारागीर तिला लॉक म्हणतात. तिचा आकार माशासारखा असतो. एका बाजूला बंद डोके, दुसऱ्या बाजूला दुभंगलेले शेपूट. चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला डोके यायला हवे. मी काम रात्री केले, दिवा एका हातात धरून, आणि मासा उलटा बसवला. पुढच्या रविवारी पत्नीला मागे बसवून दौंडला निघालो. हंगाम उसाचा. पारगावच्या अलीकडे उताराला एक खाडकन् आवाज झाला आणि इंजिन मोकळे ओरडू लागले. चेन तुटून मागे रस्त्यावर पडली होती. ती चाकात गुंतली असती, तर चाक जागीच अडले असते. आणि मागे पन्नास हातांवर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. त्या ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक लावले, ट्रॉल्या एकमेकींवर करकरल्या, चार मोळ्या खाली आल्या. तो उतरला. मला वाटले शिव्या देणार. त्याने चेन उचलली, माझ्या हाती दिली, आणि ‘मास्तर, कडी उलटी हुती का?’ म्हणाला. शाळेतला माझा विद्यार्थी! तो गणितात नापास होत असे.

पत्नी रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘अहो, पोरांच्या वह्या दोनदा तपासता. ही एकदा तरी तपासली होतीत का?’

यावर मी काय उत्तर देणार? त्या दिवसापासून आमच्या घरी नियम आहे. रात्री केलेले काम सकाळी उजेडात पुन्हा पाहायचे, आणि ब्रेक, चेन, चाकाचे नट यांतले काही उघडले असेल तर पाहणारा मनुष्य दुसरा असायचा. तो दुसरा मनुष्य म्हणजे आमच्या सौभाग्यवती. त्यांना आता मासा कोणत्या तोंडाने बसतो हे माझ्याहून चांगले कळते. वडिलांची एक वही होती, तिच्यात तारीख, मैल आणि केलेले काम, एवढेच लिहिलेले असे. ती वही मी पुढे चालू ठेवली आहे. फरक इतकाच की, आता प्रत्येक ओळीपुढे दोन सह्या असतात.

उसाचा विषय निघाला आहे तर पेट्रोलचे बोलून घेतो. आपल्या शिरूर-दौंडच्या उसाची मळी आणि रस यांतून इथेनॉल होते, आणि २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. शेतकऱ्याच्या हाती त्यातून चार पैसे येत असतील तर मी त्याविरुद्ध बोलणार नाही. माझे निम्मे श्रोते ऊस लावतात! परंतु इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. जुन्या गाडीची टाकी साधी पत्र्याची. पाणी तळाला बसते आणि गंज धरतो. जुने रबर फुगते किंवा कडक होऊन तडकते, टाकीला आतून दिलेले जुने लेप सुटतात. उपाय साधे आहेत. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची रबरी वायसर आजच्या पेट्रोलला टिकणारी घालावी. मिश्रण पातळ होऊन इंजिन फार तापू लागले, तर जेट एक माप मोठे घालावे. आणि सर्वांत मुख्य, पेट्रोल टाकीत महिनोन् महिने साठू देऊ नये. ते जाळावे. म्हणजे पुन्हा तेच, गाडी चालवावी.

हे मी वारंवार सांगतो त्याला कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नवे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंद करता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. माझी गाडी १९६९ ची, म्हणजे ती या मानाला पात्र आहे. माझ्या मुलाची फार इच्छा आहे. तो पुण्याला असतो. त्याचे म्हणणे असे की, तेवढी नोंद करून गाडी त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर काचेआड ठेवावी, आता बाबांचे वय झाले. त्याच्या बोलण्यात माया आहे हे मला समजते.

पण त्याच नियमात पुढे एक अट आहे. अशी गाडी रोजच्या नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, अभ्यास, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच तिने बाहेर पडायचे. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. जुन्या वस्तू जपाव्यात, असाच आहे. पण रविवारी न्हावऱ्याला भाजी आणायला गेलो, तर तो अभ्यास की प्रदर्शन? आणि नऊ वर्षे ताडपत्रीखाली तिचे काय झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. काच ही ताडपत्रीच, फक्त आरपार दिसणारी. म्हणून मी नेहमीच्याच मार्गाने जातो. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पाच-पाच वर्षांनी तपासणी करून घेऊन नोंदणी वाढवून मिळते. पर्यावरण कर भरावा लागतो, रांगेत उभे राहावे लागते. मागच्या तपासणीला तेथल्या एका तरुण साहेबांनी हॉर्न, दिवे, ब्रेक पाहिले आणि विचारले, ‘आजोबा, ही अजून चालते?’ मी म्हणालो, ‘आपल्या दारापर्यंत तिच्यावरच आलो.’

मुलाशी या बाबतीत माझे अजून पुरते मिटलेले नाही. पुढची मुदत येईल तेव्हा माझे वय शहात्तर असेल, आणि त्या वेळी किक कोण मारणार, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला मी पाने दिलेले नाहीत. वडिलांनी मला दिले नव्हते, आणि मला ते फुकटच गंजलेले मिळाले. ही चूक मी दुसऱ्यांदा करतो आहे, हे येथे उभे राहून बोलताना माझ्या ध्यानात येत आहे. नातवाला या सुटीत रॉकेलच्या बादलीवरून उठवून टॅपेटच्या झाकणापाशी बसवले आहे. तो आवळतो फार. पण दांडी चिमटीत फिरवून पाहताना परवा तो आपण होऊन थांबला आणि म्हणाला, ‘आजोबा, हिची जरा घट्ट आहे.’ ती खरोखरच घट्ट होती.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आहे. गाडी बाहेर पिंपळाखाली उभी आहे. आज सकाळी न्हावऱ्याला जाऊन आलो, त्यामुळे तेल खाली उतरलेले नाही. ज्यांना तिचे झाकण उघडून तेलाची पिचकारी पाहायची असेल त्यांनी थांबावे. ज्यांना किक मारून पाहायची असेल त्यांनीही थांबावे, पण चपला घालून कोणी येऊ नये. किक उलटी आली तर पायाला फार लागते.